घाटावर, घाटाखाली: बुलढाण्यातले सायकलचे निवांत रस्ते

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं की तालुक्याच्याही आधी तो एक गोष्ट सांगून टाकतो: ‘आम्ही घाटावरचे’ किंवा ‘आम्ही घाटाखालचे’. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे. सोयरीक जुळवताना, निवडणुकीचं तिकीट वाटताना, नुसती पावसाची चौकशी करतानाही हा हिशेब चालतो. जुन्या वऱ्हाडाचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग मानत, तीच ही वाटणी. सायकल घेऊन इथे फिरायचं असेल तर नकाशा उघडण्याआधी एवढं डोक्यात पक्कं करावं.

बाहेरचा सायकलवाला आला की पहिला प्रश्न घाटाचाच विचारतो. राजूर घाट चांगला की बोथ्याचा? माझं म्हणणं असं की घाट हा जिना आहे. वर जायला एकदा, खाली यायला एकदा, एवढाच त्याचा उपयोग. जिन्यात कुणी बस्तान मांडत नाही. शिवाय सगळ्या घराची ये-जा तिथूनच असते. ट्रक, एसटी, लग्नाच्या गाड्या, सगळे घाटातच गाठतात. निवांत रस्ते आहेत ते डोंगराच्या माथ्यावरून जाणारे आणि पायथ्याला बिलगून जाणारे.

चढाचं भय मात्र मनातून काढून टाका. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे, मलकापूर अडीचशेच्या आसपास. मधला फरक चारशे मीटरचा. सह्याद्रीतले घाट चढलेल्यांना हा किरकोळ वाटेल. इथली परीक्षा चढाची नाही. ती उन्हाची, पाण्याची आणि काट्यांची आहे.

माथ्याचा रस्ता

अजिंठ्याचा डोंगर म्हणजे सह्याद्रीसारखी धार नाही. दक्षिणेकडून पाहिलं तर डोंगर आहे हेच कळत नाही, नुसतं पठार दिसतं. उत्तरेच्या कडेला येऊन उभं राहिलं की मग पायाखालची जमीन एकदम सुटते आणि समोर पूर्णेचं सपाट खोरं पसरतं. हवा स्वच्छ असेल त्या दिवशी पलीकडे सातपुड्याची निळसर रेघ दिसते. नव्या माणसाने पहिला दिवस या कडेलाच द्यावा.

बुलढाण्याहून पश्चिमेला अजिंठ्याकडे जाणारा रस्ता धरा. दहाएक किलोमीटरवर देऊळघाट लागतं, पुढे मढ. या मढजवळ, बुधनेश्वराच्या परिसरात पैनगंगा उगम पावते. पुढे विदर्भ आणि मराठवाड्याची हद्द आखत जाणारी ही नदी इथे एखाद्या ओढ्याएवढी असते. उन्हाळ्यात तर तेवढीही नसते. या पट्ट्यात पाणलोटाची गंमत आहे. डाव्या हाताला पडलेला पाऊस पैनगंगेतून, वर्धा आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला जातो. उजव्या हाताला, कड्याखाली पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला आणि तिथून अरबी समुद्राला मिळतो. आपण जिल्ह्याच्या आढ्यावरून चाललेलो असतो. (पूर्णेचं नाव निघालंच आहे तर सांगून ठेवतो: जिल्ह्यात दोन पूर्णा आहेत. घाटाखालची तापीला मिळणारी, आणि देऊळगावराजाकडची गोदावरीच्या खोऱ्यातली, जिला खडकपूर्णा म्हणतात. ‘पूर्णेवर भेटू’ असं ठरवून दोन मित्र दोन टोकांना उभे राहू शकतात.)

हा रस्ता अगदी निर्मनुष्य नाही. अजिंठा लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्या याच वाटेने जातात. पण सकाळी साडेसहाला बुलढाणा सोडलं तर मढपर्यंत दुधाच्या मोटारसायकली आणि शेतावर निघालेली माणसं यांच्यापलीकडे फारसं कुणी भेटत नाही. एक काळजी घ्या. सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता तेव्हा सूर्य तुमच्या पाठीशी असतो, म्हणजेच समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत असतो. त्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून लख्ख उजेडातही पुढचा दिवा लुकलुकता ठेवा. परतताना नऊ-साडेनऊ वाजलेले असतात, ऊन वर आलेलं असतं, तेव्हा हा प्रश्न उरत नाही.

परतीच्या वाटेवर पाय शिवशिवत असतील तर गिरड्याकडे वळा. डोंगराच्या कडेला महादेवाचं ठाणं आहे, झाडी आहे, बसायला सावली आहे. महाशिवरात्रीला मात्र तिकडे सायकल काढू नका. त्या दिवशी तो रस्ता भाविकांचा.

बोथा: उतरायचा, पण नियमाने

बुलढाण्याहून वरवंडमार्गे बोथ्याच्या जंगलातून खामगावला जाणारा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरचा. जिल्ह्यातला सर्वांत सुंदर रस्ता कुठला, असं विचारलं तर मी हाच सांगेन आणि लगेच दहा अटी घालेन. कारण हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. 1997 साली घोषित झालेलं, सुमारे 205 चौरस किलोमीटरचं हे शुष्क पानगळीचं जंगल. साग, सालई, धावडा, अंजन. ऑक्टोबरात हिरवं असतं, फेब्रुवारीत पळस पेटतो, एप्रिलमध्ये नुसत्या काड्या उरतात.

2019 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ शेतं, रस्ते, गावं ओलांडत तेराशे किलोमीटरचा फेरा मारून डिसेंबरात इथे येऊन राहिला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याची वाट कळली. लोक त्या वाघाची गोष्ट सांगून नवख्याला घाबरवतात. पण सायकलवाल्याने खरं भ्यावं ते अस्वलाला. वाघ माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो. अस्वलाला कमी दिसतं, वाऱ्याची दिशा उलटी असेल तर वासही लागत नाही, आणि सायकल तर आवाजच करत नाही. वळणावर दोघंही दचकतात, आणि दचकलेलं अस्वल अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात तेव्हा ती वेचायला अस्वलं पहाटे बाहेर असतात.

म्हणून या रस्त्यापुरता माझा पहाटे निघण्याचा सगळा उपदेश गुंडाळून ठेवा. जंगलात शिरायचं ते ऊन चांगलं वर आल्यावर, साडेआठ-नऊला, आणि चारच्या आत बाहेर पडायचं. एकट्याने जाऊ नका. आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवा किंवा आपसात मोठ्याने बोला. इथे गप्पा मारणं हाही सुरक्षेचा भाग आहे. कानात गाणी नकोत. डांबर सोडून आडवाटेला, पाणवठ्याकडे उतरू नका. अभयारण्यात तसं करणं नियमाविरुद्ध आहे आणि शहाणपणाविरुद्धही. वनखात्याच्या चौकीवर थांबवलं तर वाद घालू नका, तिथला माणूस सांगेल तो त्या दिवसाचा नियम. मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका. तेव्हा निघण्यापूर्वी घरच्यांना किंवा मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवा: अमुक वाजेपर्यंत खामगावहून फोन आला नाही तर शोध घ्या.

रोही, म्हणजे नीलगाय, या रस्त्याला हमखास आडवी येते. एक गेली की थांबा. मागून दुसरी येते, आणि ती पहिलीपेक्षा घाईत असते.

राजूर घाट: उतरू नका, चढा

मलकापूर ते बुलढाणा हा सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता म्हणजे घाटावरच्या लोकांची रेल्वेकडे जायची वाट. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे आणि अजून मागणीच आहे. त्यामुळे गाडी पकडायची घाई असलेले सगळे राजूर घाटातून सुटतात.

सायकलवाल्यांना घाट उतरण्याची हौस असते. मी उलटं सांगतो. राजूर घाट मलकापूरच्या बाजूने चढावा. चढताना वेग ताशी आठ-दहा किलोमीटर असतो. मागून येणाऱ्या ट्रकचा दम लागलेला आवाज दोन वळणं आधी ऐकू येतो, कडेला व्हायला वेळ मिळतो, पाय टेकायचे म्हटलं तरी जागेवर टेकतात. उतरताना तुमचा वेग चाळीसवर जातो आणि वाऱ्याच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही. त्यात समोरून कुणी वळणावर ओव्हरटेक करत आला तर निर्णयाला सेकंदही उरत नाही.

चढाची आखणी अशी करा. पहाटे मलकापूर सोडा. मोताळ्यापर्यंत रस्ता जवळपास सपाट आहे, पण तिथे दम खर्चून टाकू नका. मोताळ्यात नाश्ता करा, बाटल्या भरा. शेलापूरजवळचं नळगंगा धरण पाहायचं असेल तर ते याच टप्प्यात. चढ संपल्यावर परत खाली कुणी येत नाही. राजूर गावापासून पुढे खरी चढण. मागच्या चाकाला 32 दात्यांची चकती आणि पुढे 34 ची असेल तर कुणीही बसल्या जागी चढेल. बिनगिअरची सायकल असेल तर निम्मा घाट हातात धरून चाला, त्यात कमीपणा नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने दुधाचे कॅन आणि कापडाचे गठ्ठे लादून असेच घाट ओलांडले.

पावसाळ्यात घाटात धुकं उतरतं आणि दगड रस्त्यावर येतात. वानरं तर बाराही महिने बसलेली. पिशवी हँडलला लटकवली असेल आणि तिच्यात केळी असतील तर ती केळी तुमची नाहीत.

पायथा

आता माझा लाडका भाग. मोताळ्याहून पश्चिमेला रोहिणखेड, धामणगाव बढे, पिंपळगाव देवी या बाजूला जे रस्ते जातात ते डोंगराच्या पायथ्याचे. डाव्या हाताला अजिंठ्याची भिंत सोबतीला, उजवीकडे कपाशी, मका, तूर. मोठा महामार्ग इथून दूर, नांदुरा-मलकापूरवरून जातो, त्यामुळे लांबचा ट्रक इकडे वळत नाही. रस्ता अरुंद, कुठे कुठे उखडलेला, पण मोकळा. रोहिणखेडला जुन्या वैभवाच्या खुणा आहेत. एकेकाळी मोठी वस्ती असलेलं हे गाव आता शांत आहे. पुढे भाषा बदलत जाते, वऱ्हाडीत अहिराणी मिसळते, हॉटेलात वरण-बट्टी दिसू लागते. खानदेशाची हद्द जवळ आल्याचं पाटीच्या आधी पानातून कळतं.

या रस्त्यांवर गर्दी आहे की नाही हे नकाशा सांगत नाही, वार सांगतो. प्रत्येक मोठ्या गावाचा आठवडी बाजार असतो. त्या दिवशी सकाळी दहापासून ऑटो, मिनिडोर, काळी-पिवळी, बैलजोड्या, बकऱ्या, सगळं एकाच रस्त्यावर. मी एकदा मोताळ्याच्या पुढे टपरीवर चहा घेत होतो. पुढच्या गावाचं नाव सांगितलं तर टपरीवाला म्हणाला, “आज बजार हाय भाऊ तिथी. जाचं तं सकायीच निंगून जाचं होतं.” तेव्हापासून मुक्कामाला पोचलो की मी रस्ता विचारत नाही, उद्याचा बाजार कुठे ते विचारतो.

दुसरा पायथा सातपुड्याचा. जळगाव जामोदहून वरवट बकाल, टुणकी, सोनाळा या बाजूला जाणारे रस्ते सपाट आहेत आणि डोंगर उत्तरेला सतत दिसत राहतो. त्यात शिरायला जाऊ नका. अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि तिथे सायकलवर भटकायचं नसतं. बाहेरून जाणारा रस्ता पुरेसा आहे.

इथे पाण्याची गोष्ट नीट समजून घ्या. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरचा मोठा टापू खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारट. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतली कितीतरी गावं पिढ्यानपिढ्या हे सोसत आली आहेत. हापशाचं पाणी दिसायला स्वच्छ, थंडगार, आणि घोट घेतला की जीभ आखडते. तहानेल्या सायकलवाल्याने ते पोटभर प्यायलं तर तहान वाढते आणि पोट बिघडतं. मी एकदा अशा पाण्यात लिंबू-साखर घालून ते गोड करायचा प्रयत्न केला होता. समुद्राचं सरबत झालं. तेव्हा या भागात तीन बाटल्या न्या, त्या गावच्या नळाच्या किंवा आरओच्या पाण्याने भरा, आणि दुकानदाराला सरळ विचारा: प्यायचं पाणी कोणतं? तो हसणार नाही. त्याच्या घरीही हाच प्रश्न रोजचा आहे.

मेहकर-लोणार हा पंचवीसेक किलोमीटरचा पठारी रस्ताही बरा आहे, सरोवराच्या काठावर नाश्ता करायचा आणि परत फिरायचं. समृद्धी महामार्गावर चढायचं मात्र मनातही आणू नका. तिथे दुचाकींनाच बंदी आहे, सायकलचं तर नावच नको. खालून जाणारे जुने रस्तेच आपले.

कोणते दिवस टाळावेत

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. एप्रिल-मेमध्ये घाटाखाली पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. तेव्हा सायकल चालवायची तर घाटावर, आणि तीही नऊच्या आत. पावसाळ्यात माथा हिरवागार असतो, पण पायथ्याचे नाले तासाभरात फुगतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं असलं तरी ओलांडू नका. ते ओसरेपर्यंत थांबावं, इतकंच. काळी माती भिजली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की चाक फिरायचंच थांबतं. पावसात शेतातला शॉर्टकट म्हणजे सायकल खांद्यावर.

ऑक्टोबरात एक वेगळाच धोका. सोयाबीन सोंगून रस्त्यावर वाळत घातलेलं असतं. दाणे टायरखाली छऱ्यांसारखे फिरतात. ब्रेक दाबला की माणूस आडवा. मी कोपर सोलून शिकलो आहे. उतरा, चालत जा, आणि कुणाच्या धान्यावरून चाक नेऊ नका. याच दिवसांत डोंगराकडच्या रस्त्यांवर सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात. पिकलेली दोनच घ्या. पिशवीत पंधरा मिनिटांत त्यांचा लगदा होतो. दिवाळीनंतर कापसाचे ट्रॅक्टर खामगावकडे निघतात. गंजी दोन्ही बाजूंना इतकी बाहेर आलेली असते की ड्रायव्हरला आरशात काहीच दिसत नाही. अशा ट्रॅक्टरच्या मागे राहा, शेजारी कधीही नको.

यात्रांचं पंचांग जवळ असू द्या. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेमुळे पिंपळगाव सराई आणि चिखली-बुलढाण्याचे रस्ते गाड्यांनी भरलेले असतात. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीसाठी सिंदखेडराजाकडे लोटणारी गर्दीही तशीच. शेगावला गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला आणि पुण्यतिथी ऋषिपंचमीला. तेव्हा दूरदूरहून दिंड्या चालत येतात. पंढरपूरहून परतणारी पालखी खामगावहून शेगावला जाते तो दिवस तर चालणाऱ्यांचाच. अशा दिवशी सायकल घरी ठेवून त्यांच्याबरोबर चालणं केव्हाही चांगलं.

सामान

टायर 32 मिलिमीटरपेक्षा अरुंद नको. दोन जादा ट्यूब आणि पंक्चरचं सामान घ्या, कारण रस्त्याकडेला सराटे आणि बाभळीचे काटे दोन्ही मुबलक आहेत. सराटा ट्यूबमध्ये शिरला की हवा लगेच जात नाही. रात्रभर हळूहळू जाते आणि सकाळी निघताना चाक बसलेलं सापडतं. म्हणून मुक्कामाला पोचताच टायरवर बोटं फिरवून काटे काढा. पंक्चरचं दुकान मोठ्या गावात सापडतं, पण तिथे मोटारसायकलचा नळ असतो. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व बारीक असेल तर छोटा पितळी अडॅप्टर खिशात हवा, नाहीतर दुकानात जाऊनही हवा भरता येणार नाही.

मेंढपाळांचा कळप दिसला की आधी कुत्री शोधा. त्यांच्याशी शर्यत लावू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि मेंढक्याला हाक मारा. तो एक शीळ घालतो आणि प्रश्न मिटतो.

तीन दिवसांचा बेत

पहिल्या दिवशी रेल्वेने मलकापूर, तिथून मोताळ्यामार्गे राजूर घाट चढून बुलढाण्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी रिकाम्या सायकलवर मढपर्यंत माथ्याचा रस्ता, जेवायला परत. तिसऱ्या दिवशी उशिरा निघून बोथ्यातून खामगाव, आणि संध्याकाळच्या आत शेगाव. खामगाव-शेगाव अंतर सोळा-सतरा किलोमीटर. पायथ्याचे रस्ते हवे असतील तर बुलढाण्याआधी मोताळ्यालाच एक दिवस वाढवा. खामगावला सायकल चालवायचा कंटाळा आला तर 1870 साली कापसासाठी टाकलेला जलंब-खामगाव फाटा अजून आहे. तेरा किलोमीटरचा तो प्रवास करून जलंबला मुख्य मार्गावर येता येतं.

परतीसाठी एक सूचना. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकायची असेल तर लहान स्टेशनांवर गाडी दोन मिनिटंच थांबते, तेवढ्यात पार्सल चढत नाही. आधी स्टेशनच्या पार्सल कार्यालयात विचारून घ्या. त्यापेक्षा दोन्ही चाकं आणि पेडल काढून जुन्या चादरीत किंवा गोणपाटात बांधून ठेवलेली सायकल सीटखाली, नाहीतर दाराजवळच्या कोपऱ्यात मावते. तिचं गाठोडं बांधायला अर्धा तास लागतो. शेगाव स्टेशनवर हा अर्धा तास आधी काढा आणि कचोरी नंतर घ्या. चेनच्या तेलाचे हात धुवायला नळ फलाटावरच आहे.